खालच्या मजल्यावरचे उमाजीबाबा

येलहंक्याच्या जुन्या गावात त्रिविक्रमरावांच्या फाटकाला लागून एक दगड उभा होता. कमरेइतका उंच, माथ्याला गोल, आणि शेंदरानं इतका फुगलेला की दगड कुठे संपतो आणि शेंदूर कुठे सुरू होतो हे दगडालाही सांगता आलं नसतं. निरखून पाहिलं तर डावीकडे घोड्याच्या तोंडासारखा एक उंचवटा दिसे, त्याच्या वर उगारलेल्या हातासारखा दुसरा. एवढ्या पुराव्यावर त्या घराण्यानं पावणेचारशे वर्षं काढली होती. घोडा तो उमाजीबाबांचा, हात तोही उमाजीबाबांचाच. शहाजीराजांच्या काळात दक्षिणेत आलेला हा मूळपुरुष गावच्या गाईंचं रक्षण करताना धारातीर्थी पडला, त्याची ही खूण. दगडाला रोज पाणी, फूल आणि वर्षातून एकदा शेंदराचं नवं पूट.

त्रिविक्रमराव बहात्तर वर्षांचे. घड्याळांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे वेळ भरपूर आणि ती अचूक सांगण्याची सवय. गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांचं आयुष्य तसं बिनतक्रार चाललं होतं. त्यांना फक्त एक गोष्ट हवी असे, आणि तीही वर्षातून एकदाच. मानाचा विडा.

बेंगळुरात त्या काळापासून राहिलेली मराठी घराणी दर जानेवारीत एकत्र जमतात. एकमेकांची मुलं किती मोठी झाली ते पाहतात, आपलं मराठी किती शुद्ध राहिलं आहे हे कन्नडमध्ये एकमेकांना सांगतात आणि जेवतात. जेवणाआधी पहिला विडा दिला जातो. पानं दोन, सुपारी एक. पण तो जाणार या गावात सगळ्यांत आधी आलेल्या घराण्याला. अण्णांच्या आजोबांना तो मिळे, वडिलांना मिळे, आणि गेली बावीस वर्षं अण्णांना. विडा घेऊन अण्णा माइकवर उमाजीबाबांची गोष्ट सांगत, लोक ती बाविसाव्यांदा ऐकत आणि आतून भाताचा वास येऊ लागला की टाळ्या वाजवत.

मागच्या वर्षी होसकोट्याचे रघुनंदन एक ताम्हण घेऊन आले. रघुनंदन तालुका कचेरीत आयुष्य घालवलेले गृहस्थ, कागदाशिवाय त्यांनी कधी सूर्य उगवल्याचंही मान्य केलं नव्हतं. ताम्हणाच्या काठावर कोरलेलं होतं, शके १५६४ आणि त्यांच्या पूर्वजाचं नाव. त्यांनी ते वाचून दाखवलं, चष्मा काढला आणि अगदी सहज विचारलं, "अण्णा, तुमच्या दगडावर काय लिहिलंय?"

हा प्रश्न पावणेचारशे वर्षांत कुणी विचारला नव्हता. अण्णा म्हणाले, "लिहिलंय."

"ते झालंच. काय लिहिलंय?"

समितीनं मग नियम करून टाकला. पुढच्या वर्षी दगड वाचून आणा. शके १५६४च्या आधीचा निघाला तर विडा येलहंक्याला, नाही तर यापुढे कायमचा होसकोट्याला. त्या दिवशी अण्णा श्रीखंड न घेता पानावरून उठले, ही गोष्ट नंतर बऱ्याच घरांत चर्चिली गेली.

दगड वाचायचा म्हणजे कुणाकडून, हे अण्णांना ठाऊक नव्हतं. वरच्या मजल्यावर निहार नावाचा पुण्याचा भाडेकरू होता. रोज बेळ्ळंदूरला ऑफिसात जाई. त्याला तिथे पोचायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात उमाजीबाबा विजापुराहून निम्म्या वाटेवर आले असते. तो म्हणाला, काका, डोन्ट वरी, आमच्या टीममधली अनुषा वीकेंडला हेच करते. अण्णांना वाटलं हा थट्टा करतो. पण पुढच्या शनिवारी खरोखरच एक तिशीतली मुलगी स्कूटरवरून आली. पिशवीत बांबूच्या कामट्या, मऊ ब्रश आणि टॉर्च. कन्नड घरातली, अण्णांशी कन्नडमध्ये बोलली, निहारशी इंग्रजीत आणि दगडाशी काहीच नाही. नुसती उकिडवी बसून वीस मिनिटं त्याच्याकडे पाहत राहिली.

वीरगळ आहे, ती म्हणाली. आत अक्षरं असणार. पण शेंदूर काढावा लागेल.

अण्णांचा चेहरा उतरला. उमाजीबाबांना कामटीनं खरवडायचं म्हणजे काय. वाचल्याशिवाय विडा नाही आणि खरवडल्याशिवाय वाचन नाही, अशा पेचात ते फाटकाची कडी लावत आणि काढत उभे राहिले. तो पेच सोडवला अण्णांच्या पत्नीनं, अहल्याअक्कांनी. त्यांनी चव्वेचाळीस वर्षं त्या दगडाला रोज पाणी घातलं होतं, त्यामुळे त्यांचं त्याच्याशी बोलणं-चालणं होतं. त्या म्हणाल्या की देवाचा शेंदूर कधी ना कधी आपणहून गळतोच, त्याला हात जोडतात आणि नवा चढवतात. आपण फक्त त्याला उशीर होऊ द्यायचा नाही. मग त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं, दगडाची माफी मागितली आणि पहिली कामटी स्वतः लावली.

खरवडायला तीन शनिवार लागले. शेंदूर थराथरानं निघाला आणि प्रत्येक थरात घराण्याचा काही ना काही ऐवज सापडला. चांदीचा वर्ख, एक बुजलेली टिकली, कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता, कागदी तिरंग्याचा तुकडा. एक थर बोटभर जाड निघाला, तो अण्णांच्या वडिलांना बढती मिळाली त्या वर्षाचा असणार असं अक्कांनी ठरवलं. एक इतका पातळ की नखानं सुटला. त्या वर्षी घरात काय झालं असेल, हे मात्र कुणी बोललं नाही. अनुषा प्रत्येक थराचा फोटो घेई. अण्णांना कळेना की हिला बाबांमध्ये रस आहे की त्यांच्या कपड्यांमध्ये.

काम करता करता ती सांगत असे. असे दगड या शहरात पावलोपावली आहेत. काही हजार-बाराशे वर्षांचे, गटाराच्या कडेला, गोठ्याच्या भिंतीत, मॉलच्या मागे. सगळ्यांची रचना बहुतेक सारखीच. तीन मजले. खालच्यावर माणूस कसा मेला ते. मधल्यावर अप्सरा त्याला उचलून नेतात. वरच्यावर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला. राजांचे मोठे लेख देवळांच्या भिंतींवर असतात, आणि ते राजांनीच लिहवून घेतलेले असतात. हे दगड गुराख्याचे, तराळाचे, गावच्या वेशीवर मेलेल्या कुणाचे.

"राजाचा दगड खोटं बोलू शकतो, अंकल," ती म्हणाली. "गुराख्याच्या दगडाला कुणाची भीड?"

अण्णांनी मान डोलावली. आपल्या दगडात राजा नाही याचं त्यांना प्रथमच बरं वाटलं. लगेच ती म्हणाली की हा दगड तसा नवाच दिसतो, चारशे वर्षंसुद्धा नसतील. तेवढं ते कुणाला सांगू नये, असं अण्णांनी तिला सुचवलं.

तिसऱ्या शनिवारी दगड मोकळा झाला. करडा, खरखरीत, शेजाऱ्यासमोर पंचा नेसून यावं तसा जरा ओशाळलेला. अनुषानं अक्कांकडून तांदळाचं पीठ मागून घेतलं आणि अक्षरांवरून हळूच चोळलं. खोलगट रेघांत पीठ बसलं आणि मजल्यांच्या मधल्या पट्ट्यांवर कन्नड अक्षरं पांढरी होऊन उमटली. निहारनं शिट्टी घातली. घोडा स्पष्ट दिसत होता, घोडेस्वारही.

अनुषानं विचारलं, तुमचे उमाजी कुठले?

"हे काय, घोड्यावरचे," अण्णा म्हणाले.

ती वहीत लिहीत होती, थांबली. पुन्हा टॉर्च तिरका धरला. मग म्हणाली, "अंकल, उमाजी आहेत. नावासकट आहेत. आणि शके १५६२ आहे."

अण्णांनी पायरीवरच बैठक मारली. ताम्हणापेक्षा दोन वर्षं आधी. ते आत वळून म्हणाले की अहल्या, शिरा कर. अक्का खरोखरच उठून तूप तापत ठेवून आल्या. अनुषा म्हणाली की स्वल्प थांबा, पुढचं वाचायचं राहिलंय. पुढचं तिनं दोनदा वाचलं, एकदा कन्नडमध्ये आणि एकदा निहारच्या मदतीनं मराठीत, म्हणजे ऐकणाऱ्याला शंकेला जागा राहू नये.

शके १५६२ या वर्षी येलहंक्याला उमाजी नावाचा मराठा घोडेस्वारांसह आला आणि गावच्या गाई वळवून नेऊ लागला. मल्लय्याचा मुलगा मुद्दय्या आडवा गेला, झुंजला, पडला. गाई सुटल्या. उमाजी पळाला. मुद्दय्या स्वर्गाला गेला. हा दगड त्याची बायको होन्नव्वा हिनं उभा केला.

आत शिऱ्यासाठी तापत ठेवलेल्या तुपाचा वास सुटला आणि मग ते जळल्याचा.

तसं पाहिलं तर घराण्याची फार मोठी चूक झाली नव्हती. उमाजीबाबा दगडावर होते, घोड्यावर होते, त्यांचा हातही उगारलेलाच होता. फक्त उजवीकडे, शेंदराखाली सपाट झालेला, धनुष्य घेतलेला एक पायी माणूस होता, आणि दगड त्याचा होता. मधल्या मजल्यावर अप्सरा त्यालाच नेत होत्या. वरच्या मजल्यावर तोच बसला होता. उमाजीबाबांचा मुक्काम तळमजल्यावर, आणि तिथूनही ते निघण्याच्या बेतात दिसत होते.

अण्णांनी वाकून घोडा जवळून पाहिला. मग म्हणाले, "पळाला म्हणजे पळालाच का?"

अनुषा म्हणाली की हो, दुसरा अर्थ होत नाही.

"पळाला ते बरंच झालं," अहल्याअक्का म्हणाल्या. "पडला असता तर तुम्ही कुठून आला असता?"

अण्णा मनातल्या मनात पिढ्या मोजू लागले. अक्का मात्र वेगळ्याच विचारात होत्या. या घरात कधी गाय बांधत नाहीत, आणि बाबांच्या तिथीला घरात दुधाचा थेंब आणत नाहीत, चहासुद्धा कोरा. लग्न होऊन आल्यावर सासूनं त्यांना हे शिकवलं होतं. कारण विचारलं तेव्हा सासू म्हणाली होती, बाबांनी गाईंसाठी जीव दिला म्हणून. अक्कांना तेव्हाही हे पटलं नव्हतं. ज्यानं गाईंसाठी जीव दिला त्याच्या घरी उलट दोन गाई जास्त असायला हव्या होत्या. आता त्या हळूच म्हणाल्या, "पळालेला माणूस परत येऊन त्याच दगडाशेजारी घर कशाला बांधतो?"

अनुषानं सांगितलं की ते दगडावर लिहिलेलं नाही. निहारनं यावर एक ट्रेकमधला किस्सा सांगायला घेतला, पण अक्कांनी त्याला करपलेल्या तुपाचं भांडं घासायला लावलं.

अण्णांपुढे आता साधा हिशोब होता. साल मिळालं होतं, नाव मिळालं होतं, दोन्ही एका दगडावर. विडा हातात आल्यातच जमा. अडचण फक्त नावाच्या पुढच्या मजकुराची. त्यांनी अनुषाला विचारून पाहिलं की वाचनाचं पत्र पहिल्या ओळीपुरतं देता येईल का. ती सौम्यपणे नाही म्हणाली. वाचन अर्धं देता येत नाही. तिनं संपूर्ण मजकूर निहारकडून मराठीत टाइप करून घेतला, खाली सही करून दिला, आणि वर म्हणाली की तुम्ही त्यातलं काय वाचायचं ते तुमचं तुम्ही बघा.

अण्णांनी पाहिलं. कागदाची घडी "घोडेस्वारांसह आला आणि" इथे बरोबर बसत होती. आठवडाभर त्यांनी न्हाणीघरात तालीम केली. सगळं छान जमे, फक्त शेवटच्या "आणि"चं काय करावं ते कळेना. तो खाली टाकता येईना आणि वर ठेवता येईना. अक्का बाहेरून ऐकत. चव्वेचाळीस वर्षांत त्यांना कळलं होतं की या माणसाला सांगण्यापेक्षा त्याला त्याच्याच आवाजात ऐकू दिलं की जास्त गुण येतो.

मेळाव्याला या वर्षी गर्दी जास्त होती. विड्याची मारामारी पाहायला लोक लांबून आले होते. अध्यक्ष सूर्यकांतराव मधल्या खुर्चीत, रघुनंदन पहिल्या रांगेत ताम्हणासह, अनुषा आणि निहार भिंतीशी. अण्णा माइकपाशी गेले. कागद घडी घालूनच उघडला आणि वाचलं, "शके १५६२ या वर्षी येलहंक्याला उमाजी नावाचा मराठा घोडेस्वारांसह आला."

"आणि" त्यांनी गिळला. टाळ्या झाल्या. सूर्यकांतरावांनी विड्याचं तबक पुढे ओढलं.

रघुनंदन उठले. "अण्णा, आला, अभिनंदन. आणि येऊन काय केलं?"

अण्णांनी हातातल्या घडीकडे पाहिलं. बावीस वर्षं याच माइकवर त्यांनी उमाजीबाबा गाईंसाठी पडल्याची गोष्ट सांगितली होती, पण तेव्हा ती त्यांना खरी वाटत होती. आज ती पहिल्यांदाच ठरवून सांगावी लागणार होती, आणि बहात्तराव्या वर्षी नवी कला शिकायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी घडी उलगडली.

"गाई पळवल्या," ते म्हणाले, आणि उरलेलं सगळं वाचलं. मुद्दय्याचं, गाई सुटल्याचं, पळाल्याचं, होन्नव्वाचं. घड्याळाच्या कारखान्यात चाचणी अहवाल वाचत त्याच आवाजात.

स्वयंपाकघरात पापड मोडल्याचं सभागृहात ऐकू आलं. सूर्यकांतराव पुढे वाकले. भला माणूस, समाजाची काळजी असलेला. माइकवर हात ठेवून त्यांनी अण्णांना सुचवलं की इतिवृत्तात लिहायचं आहे, तर 'पळाला'च्या जागी 'गनिमी काव्यानं मागे सरला' असं घालता येईल का. मजकुराचा आशय तोच राहतो.

"पळाला असंच लिहिलंय, सूर्यकांतराव," अण्णा म्हणाले. "बाईनं लिहवून घेतलंय. तिनं बघितलं असणार."

रघुनंदनांनी लगेच हरकत नोंदवली. दरोडेखोराला मानाचा विडा द्यायचा म्हणजे समाजाची काय शोभा राहिली. ताम्हणावर निदान पूजेचा उद्देश तरी आहे. तीन-चार माना हलल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून भाग्यलक्ष्मीअक्का बोलल्या. वय ब्याऐंशी, त्यामुळे त्यांना माइक लागत नसे.

"रघू, तुमचे मूळपुरुष ताम्हण घेऊन आले ते चालत आले का? घोड्यावरच आले ना? आपले सगळेच घोड्यावर भाला घेऊन आले. इतक्या लांब काय माधुकरी मागायला आले होते?"

ज्याच्या त्याच्या डोळ्यांसमोर दिवाणखान्यातल्या भिंतीवरची आपापली तलवार आली असावी. सूर्यकांतरावांनी नियमाची वही पाहिली. नियमात आधी कोण आलं एवढंच होतं, कशासाठी आलं याचा रकाना नव्हता. विडा अण्णांना देण्यात आला. टाळ्या वाजल्या, पण प्रत्येकानं शेजाऱ्याकडे पाहूनच वाजवल्या.

पंगतीत रघुनंदन अनुषाच्या शेजारी येऊन बसले. कोशिंबीर वाढून होईपर्यंत ते हवापाण्यावर बोलले. मग आवाज उतरवून त्यांनी सांगितलं की होसकोट्याला तळ्याच्या बांधावर एक दगड आहे, अर्धा मातीत. मोबाइलवर त्याचा फोटोही दाखवला. जरा येऊन बघता का. आमच्यापैकी कुणी काही जाळलं-बिळलं असेल तर नाव असेलच. सालही असेल. अनुषा म्हणाली की तो फोटोवरून हजार-अकराशे वर्षांचा वाटतो, तेव्हा तुमच्यापैकी कुणी नसेल. तळ्यातला गाळ काढण्यासाठी कुणाला तरी जमीन दिल्याचा लेख असावा. रघुनंदनांचा घास हातातच राहिला. गाळ, ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, गाळ. ताक येईपर्यंत आणखी पाच घराण्यांनी अनुषाचा नंबर घेतला होता. प्रत्येकाची चौकशी तीच. लूट चालेल, जाळपोळ चालेल, फक्त शके १५६२च्या आधीची हवी.

अण्णा आणि अक्का चारच्या सुमारास घरी आले. ऊन फाटकावर तिरकं पडलं होतं. दगडावरचं पीठ कधीच धुतलं गेलं होतं, तरी तिरक्या उन्हात अक्षरं नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. अक्कांनी चपला काढल्या, कळशीतून दगडावर पाणी घातलं, फूल वाहिलं, आणि विडा उचलून दर वर्षीच्या सवयीनं घोड्याच्या तोंडाखाली ठेवला.

अण्णा फाटकाला टेकून पाहत होते. म्हणाले, "स्वल्प उजवीकडे."

अक्कांनी विडा वीतभर सरकवला.

"अजून स्वल्प."

आता तो त्या पायी माणसाच्या पावलांशी आला. अक्कांनी वर पाहिलं. अण्णांनी मान डोलावली.

"सरी," ठीक आहे असं कन्नडमध्ये म्हणून अक्का आत चहा टाकायला गेल्या.